दगडाचा पत्ता



या व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा विषय मीच निवडावा असं व्याख्यानमालेच्या विश्वस्तांनी सांगितलं. मी २२ वर्षं भूशास्त्राच्या एका छोट्या नियतकालिकाचं संपादन केलं. दुसऱ्या कुठल्या विषयावर अधिकारानं बोलावं असं माझ्याकडे फारसं काही नाही. म्हणून आज भूशास्त्राच्या नियतकालिकांविषयी बोलणार आहे. आपल्याकडे ती कशी उभी राहिली, कशानं टिकली आणि त्यांच्यातून नेमकं काय जपलं जातं, हे मला सांगायचं आहे.

सुरुवात मला भूशास्त्र शिकवणाऱ्या सरांपासूनच करते. आमची पहिली सहल कात्रजच्या घाटात होती. रस्त्याच्या कडेला मला एक देखणा तुकडा मिळाला. काळा पाषाण, त्यात पोकळी आणि पोकळीत पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक. मी धावत सरांकडे गेले. त्यांनी दगड हातात घेतला, भिंगातून पाहिला आणि विचारलं, कुठला? मी म्हटलं, इथलाच. त्यांनी पुन्हा विचारलं, इथला म्हणजे कुठल्या थरातला? मी वर कड्याकडे बोट केलं. सर मला त्या जागी घेऊन गेले. तिथे रस्त्याच्या कामासाठी ट्रकनं आणून टाकलेल्या खडीचा ढीग होता. माझा दगड त्या ढिगातला होता. तो पाच मैलांवरचा असेल नाहीतर पन्नास मैलांवरचा. सरांनी तो मला परत दिला आणि सांगितलं की घरी कपाटात ठेव, शोभेल. पण नमुन्यांच्या पिशवीत घालू नकोस, त्याला पत्ता नाही.

मंडळी, मी आज जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका शब्दाभोवती आहे. पत्ता.

रसायनशास्त्रज्ञानं काही शोधलं, तर दुसरा रसायनशास्त्रज्ञ आपल्या प्रयोगशाळेत तेच करून पाहू शकतो. भूशास्त्रात तसं होतं का? सह्याद्रीचा कडा उचलून कुणी प्रयोगशाळेत आणू शकत नाही. तिथे जावं लागतं. आणि जायचं तर नेमकं कुठे जायचं, हे आधी जाऊन आलेल्यानं लिहून ठेवलेलं असावं लागतं. म्हणून भूशास्त्राच्या नियतकालिकाचं पहिलं काम मला वाटतं ते हेच: वाट नोंदवून ठेवणं. निष्कर्ष त्याच्यानंतर येतात.

हे काम आपल्या मातीतल्या दगडांबाबत फार लवकर सुरू झालं, आणि ते सुरू झालं लंडनमध्ये. तिथली जिऑलॉजिकल सोसायटी १८०७ सालची. १८४५ पासून तिचं त्रैमासिक निघू लागलं, आणि १८४७ मध्ये त्यात कोण आलं? वरळीचे बेडूक! बेसाल्टच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या खडकात, मुंबई बेटावर, एवढ्या-एवढ्याशा बेडकांचे सांगाडे सापडले होते. रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन त्या त्रैमासिकात छापलं. त्यानंतर आठ वर्षांनी, १८५५ मध्ये, नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांचा नागपूर परिसरावरचा लेख त्याच त्रैमासिकात आला. टाकळीच्या जीवाश्मांमुळे नागपूरचं नाव जगातल्या भूशास्त्रज्ञांना कळलं. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, ते हेच हिस्लॉप. १८६३ मध्ये पुरात बुडून त्यांचा मृत्यू झाला, तेही टाकळघाट भागात काम आटोपून परतत असताना.

आज वरळीच्या टेकडीवर जाऊन तो बेडकांचा थर कुणी दाखवू शकेल का? तिथे इमारती आहेत, रस्ते आहेत. संग्रहालयांत थोड्या दगडी पाट्या आहेत, आणि छापील पानं आहेत. जागा गेली तरी पानावर पत्ता राहिला.

दरम्यान १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम कलकत्त्याला आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण उभं राहू लागलं. आधी ‘मेमॉयर्स’ निघाले, १८६८ पासून ‘रेकॉर्ड्स’. ‘गोंडवन’ हा आज जगभर चाललेला शब्द १८७६ मध्ये ‘रेकॉर्ड्स’मधूनच पहिल्यांदा छापून आला, फाइस्टमंटेल यांच्या लेखात. गोंडांच्या मुलखाचं नाव पुढे एका अख्ख्या प्राचीन खंडाला मिळालं. हे सगळं फार मोलाचं काम. पण ते सरकारी खात्याचं प्रकाशन होतं. खात्यातल्या माणसानं लिहायचं, खात्यानं तपासायचं, खात्यानं छापायचं. महाविद्यालयात शिकवणाऱ्या, संस्थानच्या खाणखात्यात नोकरी करणाऱ्या किंवा नुकत्याच एम. एस्सी. झालेल्या मुलानं आपला नकाशा कुठे न्यायचा?

या प्रश्नाचं उत्तर बंगळूरहून आलं. १९५८ मध्ये तिथे जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. डी. एन. वाडिया पहिले अध्यक्ष. १९५९ मध्ये जर्नलचा पहिला खंड निघाला. सुरुवातीला ते वर्षातून एकदा निघे. वाढत वाढत मासिक झालं. या वाढीमागे ज्यांचं आयुष्य गेलं ते बी. पी. राधाकृष्ण. म्हैसूरच्या खाण व भूशास्त्र खात्यात त्यांची हयात गेली, तिथे ते संचालक झाले, आणि सोसायटीचा नि जर्नलचा भार त्यांनी दशकानुदशकं वाहिला. २०१२ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, ते गेले. राधाकृष्ण यांनी ज्या खडकावर काम केलं, त्याचं नाव क्लोजपेट ग्रॅनाइट. क्लोजपेट हे गावाचं इंग्रजी अमदानीतलं नाव. आज ते रामनगर आहे. ‘शोले’मधल्या डोंगरांमुळे तुम्ही सगळ्यांनी ते ग्रॅनाइट पाहिलेलं आहे. गावानं नाव बदललं, खडकानं बदललं नाही, कारण ते छापून झालं होतं.

वार्षिकाचं मासिक होणं म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. दगडाला घाई नसते हे खरं. पण ज्याची नोकरी, ज्याची पीएच. डी. त्या लेखावर अडली आहे, त्याला असते. वार्षिकात लेखावर आक्षेप आला तर तो पुढच्या वर्षी छापला जातो, त्याला उत्तर त्याच्या पुढच्या वर्षी. तोवर दोघेही थकलेले असतात. मासिकात वाद जिवंत राहतो. बंगळूरच्या जर्नलमध्ये लेखाखालोखाल मी काय वाचत असे, तर चर्चेचं सदर. एकानं हरकत घ्यायची, मूळ लेखकानं तिथेच उत्तर द्यायचं, आणि वाचकानं दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं. आमच्या छोट्या नियतकालिकातही मी ते सदर हट्टानं चालवलं. कधी अंकात दोनच पानं त्याला मिळत, पण दिली.

आता माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगते, कारण संपादकाची चूक कशी होते हे तरुण मंडळींना कळावं.

तेव्हा नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढून येत. एका तरुण प्राध्यापकाचा नकाशा आला. सुंदर काम. डाइक, म्हणजे खडकात उभ्या घुसलेल्या शिलारसाच्या भिंती, एकेक रेघेनं दाखवलेल्या. नकाशाच्या तळाशी लिहिलं होतं, एक इंच बरोबर एक मैल. नकाशा आमच्या पानात मावत नव्हता. छापखान्याला मी सांगितलं की लहान करून घ्या. त्यांनी निम्मा केला. अक्षरं वाचता येत होती, रेघा स्पष्ट होत्या. मी समाधानानं सही केली. अंक निघाला. दोन महिन्यांनी लेखकाचं पत्र आलं, एका ओळीचं: तुम्ही माझा डोंगर निम्मा केलात.

कळलं ना? नकाशा निम्मा झाला, पण खालचं वाक्य तसंच राहिलं. छापील नकाशावर एक इंच म्हणजे आता दोन मैल होते, आणि आम्ही ठामपणे सांगत होतो की एक. त्या नकाशावर विसंबून कुणी मोजत गेला असता तर निम्म्या वाटेतच थांबला असता आणि म्हणाला असता, इथे डाइक नाही, लेखकानं खोटं लिहिलं. लेखकाचा काडीचा दोष नव्हता. पुढच्या अंकात मी दुरुस्ती छापली, पहिल्या पानावर, मागच्या कोपऱ्यात नाही. त्या दिवसापासून शब्दांतलं प्रमाण असलेला एकही नकाशा मी घेतला नाही. पट्टी काढा म्हणून परत पाठवायची. पट्टी नकाशाबरोबर लहान होते, नकाशाबरोबर मोठी होते. ती खोटं बोलत नाही.

आता आपल्या सह्याद्रीकडे येऊ. ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला हा लाव्हा, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लांबून पाहिलं तर सगळा एकसारखा, पायऱ्यापायऱ्यांचा, काळा. कित्येक वर्षं तो एकसारखाच मानला गेला. मग १९८०च्या दशकात घाटाघाटांतून खालपासून वरपर्यंत नमुने घेतले गेले, त्यांतल्या मूलद्रव्यांची मोजणी झाली, आणि या काळ्या पायऱ्यांचे वेगवेगळे गट वाचता येऊ लागले. त्या गटांची नावं ऐका: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. खालून वर जाणारी ही रांग आज कोणत्याही देशातला ज्वालामुखीशास्त्रज्ञ म्हणून दाखवतो. आपल्या एस. टी.च्या पाट्यांवरची नावं जगाच्या शास्त्रात गेली.

यात बंगळूरच्या सोसायटीचा मोठा वाटा आहे. डेक्कनच्या ज्वालामुखी खडकांवर त्यांनी १९८१ मध्ये एक जाड मेमॉयर काढला, के. व्ही. सुब्बाराव आणि आर. एन. सुखेसवाला यांनी संपादित केलेला. १९८८ मध्ये दुसरा, सुब्बारावांचा. १९९९ मध्ये आणखी. माझ्या विद्यार्थ्यांच्या पिढीनं ते खंड झेरॉक्स करून करून वाचले.

पण नावं देताना पत्त्याचा प्रश्न आलाच. महाराष्ट्रात ठाकूरवाड्या किती? घाटमाथ्यावर वळणावळणाला एक आहे. खंडाळा किती? एक लोणावळ्याजवळचा, एक साताऱ्याकडचा, खंबाटकी घाटाजवळचा. लेखात नुसतं ‘खंडाळा’ लिहिलं तर परदेशातला वाचक नकाशावर जो आधी दिसेल तो धरणार. म्हणून आम्ही लेखकांच्या मागे लागायचो. सर्वेक्षणाच्या नकाशाचा क्रमांक द्या, पुणे असेल तर ४७ एफ १४, तालुका द्या, घाटाच्या कितव्या किलोमीटरच्या दगडाजवळ ते द्या, समुद्रसपाटीपासून उंची द्या. काही लेखक चिडत. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले की मी चाळीस वर्षं तिथे जातोय, मला ठाऊक आहे. त्यांना ठाऊक होतं यात मला शंका नव्हती. पण त्यांच्यानंतर जाणाऱ्याला कसं ठाऊक होणार?

आणि कधी तर पत्ता छापायलाच अडचण. किनारपट्टीचे आणि सीमेकडचे तपशीलवार नकाशे कित्येक वर्षं निर्बंधाखाली होते. अक्षांश-रेखांश टाकून नकाशा छापायचा तर परवानगीची वाट पाहा. कोकणातला माणूस आपल्याच गावच्या खडकाचा नकाशा हातानं काढलेल्या कच्च्या आराखड्यावर छापायचा. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशांचं धोरण मोकळं केलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. फार उशिरा झालं, पण झालं.

आता ज्यासाठी मी मुख्यतः हे व्याख्यान घेतलं, त्या दोन प्रकरणांकडे येते. दोन्ही जीवाश्मांची. दोन्ही आपल्या देशातली.

पहिलं हिमालयाचं. १९८९ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी एक लेख लिहिला. आपल्याकडचे एक प्राध्यापक सुमारे पाव शतक हिमालयातल्या जीवाश्मांवर लेख लिहीत होते, देशी-परदेशी नियतकालिकांत, नामवंत परदेशी सहलेखकांबरोबर. टॅलेंट यांनी दाखवलं की त्यातले काही जीवाश्म हिमालयातले असणं शक्य दिसत नाही. काही सूक्ष्म जीवाश्म अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या एका ओढ्यातून येणाऱ्या प्रसिद्ध नमुन्यांशी तंतोतंत जुळत होते. काही शंखधारी प्राणी मोरोक्कोहून विक्रीला येतात तसे. म्हणजे जीवाश्म खरे होते. तज्ज्ञांनी केलेली ओळख बरोबर होती. खोटा होता तो पत्ता. सहलेखकांनी नमुना पाहिला, जागा पाहिली नाही. संपादकांनी लेख पाहिला, जागा कुणीच पाहिली नाही.

याचा परिणाम काय झाला? ते लेख नुसते वगळून भागलं नाही. त्यांच्यावर विसंबून थरांची वयं ठरवली गेली होती, प्राचीन समुद्र कुठे होता त्याचे नकाशे काढले गेले होते. प्रामाणिक माणसांची वर्षानुवर्षांची मेहनत पुन्हा तपासावी लागली. मी तेव्हा नुकतीच संपादनात शिरले होते. तो लेख वाचून मला रात्री झोप लागली नाही. माझ्या फायलीत येणाऱ्या प्रत्येक नमुन्याचं गाव मी पाहिलंय का? नाही. पाहू शकेन का? नाही. मग माझ्या हातात काय आहे? एवढंच, की पत्ता इतका नेमका मागायचा की खोटं लिहिणाऱ्याला ते अवघड जावं आणि शंका घेणाऱ्याला तिथे जाणं सोपं जावं.

दुसरं प्रकरण चित्रकूटचं. होय, रामाचं चित्रकूट, मंदाकिनीच्या काठचं. १९९८ मध्ये डेहराडूनच्या वाडिया संस्थेतले रफत आझमी यांनी बंगळूरच्या जर्नलमध्ये लेख प्रसिद्ध केला. विंध्य खडकांच्या तळच्या भागात, जे थर शंभर कोटी वर्षांहून जुने मानले जात, त्यात त्यांना कवचधारी प्राण्यांसारखे सूक्ष्म जीवाश्म सापडले होते. तसे प्राणी जगात सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी येतात. म्हणून आझमी यांचं म्हणणं, हे खडक तेवढेच तरुण आहेत. योगायोग असा की त्याच सुमारास ‘सायन्स’मध्ये दुसऱ्या गटानं त्याच विंध्य खडकांत शंभर कोटी वर्षांहून जुन्या प्राण्यांच्या हालचालीच्या खुणा असल्याचं जाहीर केलं होतं. दोन्ही खरं कसं असणार? गदारोळ उठला. खडकांची वयं मोजली गेली. २००२ मध्ये आकडे आले, सुमारे १६० कोटी वर्षं. आझमी यांचं वय सपशेल चुकलं. इतरांना त्यांच्यासारखे जीवाश्म सहजी सापडेनात. आणि मग हिमालय सगळ्यांच्या मनात ताजा असल्यामुळे बोट चुकीवरून घसरून प्रामाणिकपणाकडे गेलं.

मंडळी, इथे जरा थांबू या. ज्या संशोधकाचे जीवाश्म कुणाला सापडत नाहीत आणि ज्याचं वय चुकीचं ठरलं आहे, त्याच्याबद्दल तुम्ही काय म्हणाल? मी खरं सांगते, मीही मनातून त्यांना सोडून दिलं होतं.

स्वीडनचे स्टेफान बेंग्टसन यांनी सोडलं नाही. ते आणि त्यांचे सहकारी चित्रकूटला गेले, तिथल्या फॉस्फेटयुक्त खडकांचे नवे नमुने घेतले, आणि जीवाश्म सापडले. तेच. तशाच वळ्या-वळ्यांच्या नळ्या. त्याच दगडाचं वय थेट मोजलं तर १६५ कोटी वर्षं आलं. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. जीवाश्म खरे, वय एका अब्जाहून जास्त वर्षांनी चुकलेलं. ज्या गोलाकार रचना प्राण्यांच्या भ्रूणांसारख्या वाटल्या होत्या, ते जिवाणूंच्या थरात अडकलेले वायूचे बुडबुडे निघाले. आणि नळ्या? २०१७ मध्ये त्याच गटानं त्यांतल्या काहींत पेशींची रचना दाखवली आणि ते लाल शेवाळासारखे सजीव असावेत असं मांडलं. तसं असेल तर पेशीकेंद्र असलेल्या बहुपेशीय जीवांचे हे जगातले अतिशय जुने अवशेष. त्यातल्या एकाला नाव दिलं ‘रामाथॅलस’. दुसऱ्याला ‘रफताझ्मिया चित्रकूटेन्सिस’.

नावात माणूस आहे आणि नावात गाव आहे.

या दोन प्रकरणांत फरक काय होता, हे मी अनेकदा मनाशी मांडून पाहिलं. हिमालयात ओळख बरोबर होती आणि पत्ता खोटा होता. काहीही वाचलं नाही. चित्रकूटला अर्थ चुकला होता, वय चुकलं होतं, पण पत्ता खरा होता; म्हणून दुसरा माणूस तिथे जाऊ शकला, आणि आझमी यांनी मांडलं होतं त्याहून कितीतरी मोठी गोष्ट हाती आली. ज्या संपादकांनी तो लेख छापला त्यांच्यावर त्या वेळी टीका झाली असेल. माझ्या मते त्यांनी छापला हे उत्तम केलं. न छापता परत पाठवला असता, तर चित्रकूटचा तो थर आजही निनावी पडून राहिला असता.

आजच्या नियतकालिकांविषयी थोडं बोलते. लेख मोजण्याची मापं आली आहेत, प्रभावांक आले आहेत, छापण्यासाठी लेखकानंच भली मोठी रक्कम भरायची पद्धत आली आहे. यावर बोलणारे पुष्कळ आहेत. माझी काळजी वेगळी आहे. लेख आखूड होत चालले आहेत, आणि आखूड करताना पहिली कात्री लागते ती जागेच्या वर्णनाला. ते पुरवणीत जातं, आणि पुरवणी कुणी उघडत नाही. जीपीएसचे आकडे दिले की झालं असं वाटतं. पण जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट नावाच्या मापानं काढलेले, आणि जीपीएस चालतं दुसऱ्या मापानं. कोणतं माप ते लिहिलं नाही तर तुम्ही शेजारच्या शेतात जाऊन उभे राहता. आकडे द्याच, पण त्याबरोबर लिहा की ओढ्याच्या उजव्या काठाला, पुलाच्या खाली, तांबड्या मातीच्या थरावर.

आणि मराठीत लिहा. विहीर खणणारा माणूस मांजऱ्या दगड आणि काळा पाषाण यांतला फरक कुदळीच्या आवाजावरून सांगतो. त्यानं कुठे किती खोलीवर काय पाहिलं, याची नोंद कोणत्याच जर्नलमध्ये नाही. आमच्या नियतकालिकात आम्ही चार पानं मराठी ठेवली होती. सगळ्यात जास्त पत्रं त्या चार पानांना येत.

संपादन सोडण्याच्या आदल्या वर्षी एका मुलीचं पत्र आलं. आमच्या एका जुन्या अंकातला लेख तिला हवा होता. कोणता, तर तोच, निम्म्या डोंगराचा. मी तो पाठवला आणि दुरुस्तीचं पान त्याला टाचून दिलं. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. ती पट्टी लावून मोजत त्या जागी पोचली होती. तिथे आता खडीची खाण आहे. बहुतेक डाइक फोडून झालेत, पण एकाचा तीनेक मीटरचा तुकडा खाणीच्या उत्तरेच्या भिंतीत अजून उभा आहे. तिनं नमुना घेतला होता, फोटो घेतले होते, आणि विचारत होती की नव्या लेखात जागेचं वर्णन कसं लिहू, कारण पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती भिंतही जाईल.

मी म्हटलं, सावकाश सांग, मी लिहून घेते.